नाव न घेतलेला आजार



डिसेंबर जवळ आला की आकाशवाणीवर एड्स या विषयावर एक-दोन भाषणं हमखास होतात. १९८८ पासून १ डिसेंबर हा जागतिक एड्स दिन म्हणून पाळला जातो, त्या निमित्तानं. ही भाषणं बहुधा डॉक्टर मंडळी करतात आणि ते रास्तच आहे. यंदा कार्यक्रम अधिकाऱ्यांचा मला फोन आला तेव्हा मी म्हटलं, "अहो साहेब, मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. आयुष्यभर कविता लिहिल्या. मला विषाणूतलं काय कळतं?" ते म्हणाले, "विषाणूचं आम्ही डॉक्टरांना विचारू. पण इतकी औषधं आली, इतके दवाखाने झाले, तरी लोक या आजाराचं नाव तोंडातून का काढत नाहीत, ते तुम्ही बोला."

शब्दांवर पोट नसलं तरी जीव असलेल्या माणसाला असं काही म्हटलं की तो अडकतोच.

आमच्या भागात कॅन्सरला कॅन्सर म्हणतात. टीबीला टीबी म्हणतात, जुनी माणसं क्षय म्हणतात. साखरेच्या आजाराला तर लाडानं 'शुगर' म्हणतात. याला मात्र म्हणतात 'तसला आजार'. मी मराठी मुसलमान. आमच्या घरात दखनी बोलतात, उंबऱ्याबाहेर मराठी. दखनीतही तेच, 'वैसी बीमारी'. दोन भाषा, पण लपायची जागा एकच, सर्वनामाच्या मागे. आणि 'तसला' म्हणताना भुवई किंचित वर जाते, आवाज खाली येतो. तेवढ्यात त्या माणसाच्या चारित्र्याचा पंचनामा उरकलेला असतो. बोलणाऱ्यानं आरोप केलेला नसतो, म्हणून त्याला कोणी जाबही विचारत नाही.

या न घेतलेल्या नावानं किती माणसं मारली, त्याचा हिशेब कुठल्या तक्त्यात सापडायचा नाही. विषाणूनं मारलेल्यांचा सापडतो.

आपल्या देशात हा विषाणू पहिल्यांदा हाती लागला तो १९८६ साली, मद्रासमध्ये. डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने तपासायला घेतले. त्या काळी सगळे म्हणत होते की हा परदेशातला रोग आहे, आपल्या संस्कृतीत तो शिरायचाच नाही. काही नमुने बाधित निघाले आणि संस्कृतीचा तो दाखला निकालात निघाला. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. पुढं त्यांनी वडिलांच्या नावानं संस्था काढली आणि २०१५ साली जाईपर्यंत याच रुग्णांत काम केलं. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं घेतलं जात नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

दुसरी गोष्ट गोव्याची, १९८९ सालची. डॉमिनिक डिसूझा नावाचा तरुण. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थेत नोकरी, नेमानं रक्तदान करणारा. त्या रक्ताच्या तपासणीत एच.आय.व्ही. सापडला. त्याला कोणी समजावून सांगितलं नाही की बसवून विचारलं नाही. पोलिसांनी बोलावून नेलं आणि एका बंद पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात पहाऱ्यात ठेवलं. चौसष्ट दिवस. गोव्यात तेव्हा कायदाच तसा होता. त्याची आई ल्यूसी डिसूझा उच्च न्यायालयात गेली. डॉमिनिक सुटला, पण बाधितांना वेगळं ठेवण्याचा सरकारचा अधिकार न्यायालयानं रद्द केला नाही. सुटून आलेल्या या माणसानं पुढं बाधितांसाठी संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला. 'माय ब्रदर निखिल' हा २००५ सालचा हिंदी सिनेमा पुष्कळांनी पाहिला असेल. तो त्याच्याच आयुष्यावरून सुचलेला.

त्या चौसष्ट दिवसांचा वैद्यकीय उपयोग काय होता? काहीच नाही. हा विषाणू हवेतून उडत नाही. एका ताटात जेवल्यानं, एका पेल्यातून पाणी प्यायल्यानं, हस्तांदोलनानं, एक संडास वापरल्यानं तो जात नाही. डासातून जात नाही, कारण डासाच्या शरीरात तो तगतच नाही. लाळ, घाम, अश्रू यांतून जात नाही. तो जातो रक्तातून, वीर्यातून, योनिस्रावातून आणि आईच्या दुधातून. (हे शब्द माइकवर उच्चारायची परवानगी मी आधीच घेऊन ठेवली होती. अधिकारी हसून म्हणाले, "आता आमचीही भीड चेपलीय.") म्हणजे वाटा चारच. असुरक्षित शरीरसंबंध, बाधित रक्त, एकमेकांची सुई वापरणं, आणि गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावर पाजताना आईकडून बाळाला. आपल्या राज्यात बहुतेक लागण पहिल्या वाटेनं होते. रक्तपेढीतलं प्रत्येक रक्त तपासलं जातं आणि पैसे घेऊन रक्त विकणारे पूर्वीचे धंदेवाईक दाते १९९८ पासून बंद झाले, त्यामुळे दुसरी वाट बरीच बुजली आहे.

आमच्या मोहल्ल्यातला एक गैरसमज इथंच सांगतो. "आपल्यात खतना असतो, आपल्याला काय होत नाही," असं मी चहाच्या गाड्यावर कितीदा तरी ऐकलंय. यात अर्धवट सत्य आहे, म्हणून ते जास्त धोक्याचं. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा इथं मोठे प्रयोग झाले, त्यांचे निष्कर्ष २००५ ते २००७ या काळात आले. बाईकडून पुरुषाला लागण होण्याची शक्यता खतन्यामुळे सुमारे साठ टक्क्यांनी कमी होते, असं दिसलं. साठ टक्के कमी म्हणजे शून्य नव्हे. आणि नवरा बाधित असेल तर बायकोला त्याच्या खतन्याचा थेट उपयोग काहीच नाही. गाड्यावर हे दुसरं वाक्य कोणी बोलत नाही.

न्हाव्याच्या ब्लेडचीही भीती पुष्कळांना असते. नवं ब्लेड जरूर मागावं, पण त्याचं खरं कारण बी आणि सी प्रकारची कावीळ हे आहे. दाढी करताना एच.आय.व्ही. होण्याची शक्यता जवळपास नाहीच.

आता एक प्रसंग सांगतो. ज्यांचा आहे त्यांना विचारूनच सांगतोय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

१९९७ साल. आमच्या ओळखीतला एक ट्रक ड्रायव्हर वारला. वय पस्तिशीच्या आत. एका दवाखान्यानं मयत प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळून दिली आणि 'उघडू नका' एवढंच सांगितलं. कशानं गेला, ते कुणी घरच्यांनाही नीट सांगितलं नाही, पण गल्लीत सगळ्यांना कळलं होतं. आमच्यात मयतीला गुस्ल देतात, म्हणजे आंघोळ घालतात. त्याशिवाय दफन करत नाहीत. आता गुस्ल कोण देणार? एरवी अशा कामाला पुढे सरसावणारी माणसं कोपऱ्यात जाऊन घड्याळ बघू लागली. कोणी म्हणालं, प्लॅस्टिकवरूनच पाणी ओता. कोणी म्हणालं, तयम्मुम करा, नुसती माती लावा. त्या माणसाची बायको आत होती. पदराला तीन वर्षांची मुलगी. तिला हे सगळं ऐकू येत होतं.

आमच्या मशिदीत वर्षानुवर्षं हे काम करणारे एक म्हातारे होते. सायकल दुरुस्तीचं दुकान होतं त्यांचं. ते उठले, सरकारी दवाखान्यात चालत गेले आणि तिथल्या डॉक्टरना विचारून आले. हातमोजे घाला, हाताला जखम असेल तर झाका, नंतर जागा ब्लीचिंगच्या पाण्यानं धुवा, साबणानं हात धुवा, बाकी भ्यायचं कारण नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हातारे परत आले, बाह्या सारल्या आणि म्हणाले, "जिंदगीभर इसके संगात चा पिया मैं. अब पानी डालनेकू डरूं क्या?" त्यांच्या मागून मग दोघेजण उठले. मी त्यातला एक. पाणी शेंदून देण्याचं काम मी केलं.

ते म्हातारे पुढं कितीतरी वर्षं सायकली दुरुस्त करत होते.

बाकीच्यांना मी दोष देत नाही. त्या वर्षी या आजारावर आपल्या गावात औषधच नव्हतं. जगात होतं. १९९६ पासून तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत सुरू झाली होती आणि अमेरिकेत मरणाला टेकलेली माणसं उठून कामाला जाऊ लागली होती. पण वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढं. ड्रायव्हरनं ट्रक विकून, घर विकून, वर गाव विकलं असतं तरी पुरलं नसतं. शिवाय ट्रक मालकाचा होता.

ही किंमत खाली आली ती मुंबईतून. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी ही तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला डॉलरभरात द्यायची तयारी दाखवली. त्यांचे वडील ख्वाजा अब्दुल हमीद यांनी ही कंपनी १९३५ साली मुंबईत काढली होती. हे जमलं ते आपल्या १९७० सालच्या पेटंट कायद्यामुळे. त्या कायद्यात औषधाच्या कृतीला पेटंट होतं, औषधाला नव्हतं. दुसऱ्या रीतीनं तेच औषध बनवायची मोकळीक होती. २००५ मध्ये तो कायदा बदलला, पण तोवर भारतात बनलेल्या गोळ्या आफ्रिकेपर्यंत पोचल्या होत्या. यात धंदा होताच, मी नाही म्हणत नाही. पण सगळेच धंदे असा भाव पाडून केले जात नाहीत. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारनं निवडक रुग्णालयांत ही औषधं मोफत द्यायला सुरुवात केली आणि हळूहळू ती जिल्ह्या-जिल्ह्यांत आली.

त्या ड्रायव्हरची बायको, मी तिला भाभी म्हणतो, ती २००५ साली आजारी पडली. सारखा ताप, खोकला, वजन उतरलेलं. टीबी निघाला. टीबी आणि एच.आय.व्ही. ही जोडी जुनी. शरीराची संरक्षक फळी या विषाणूनं पोखरली की टीबीला रान मोकळं मिळतं, आणि एच.आय.व्ही. असलेल्यांचे सर्वांत जास्त बळी आजही टीबीच घेतो. म्हणून टीबीच्या रुग्णाची एच.आय.व्ही. तपासणी आता रीतीप्रमाणे होते. भाभीचीही झाली. बाधित. लागण होऊन दहाएक वर्षं झाली असावीत. इतकी वर्षं तो आत गप्प बसतो, हे याचं सगळ्यांत कपटी लक्षण. माणूस धडधाकट दिसतो, काम करतो, आणि आतून एकेक पांढरी पेशी कमी होत असते.

मुलगी मात्र सुटली. तिची तपासणी निर्दोष आली.

भाभीनं मला पुढं कधीतरी सांगितलं, "भाईजान, डॉक्टरसाहेबांनी सांगितलेलं मला एक अक्षर कळलं नाही. त्या बाजूच्या खोलीतल्या ताईनं सांगितलेलं कळलं." ही खोली म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्र. सरकारी दवाखान्यात ती शोधावी लागते. कधी जिन्याखाली, कधी एक्स-रेच्या पलीकडे. आत एक टेबल, दोन-तीन खुर्च्या, एक कपाट, भिंतीवर लाल फितीचं चित्र.

समुपदेशन या शब्दाबद्दल माझी एक कुरकूर आहे. त्यात 'उपदेश' बसलेला आहे, आणि या खोलीत उपदेशाला जागा नसते. तिथं बसणाऱ्या एका ताईंशी मी दोन-तीनदा बोललो. त्या म्हणाल्या, "सर, उपदेश करायला गावात माणसं भरपूर आहेत. माझ्याकडे माणूस येतो तो ऐकवायला. आधी दार लावते. मग विचारते, काय वाटतंय. तो इकडचं तिकडचं बोलतो, ऊस, पाऊस, म्हैस. मी बोलू देते. दहा मिनिटांनी तो मुद्द्यावर येतो." तपासणी कशाची आहे, ती का करायची, निकाल काय येऊ शकतो, हे त्या आधी समजावतात आणि माणसाची संमती घेतात. निकाल चांगला आला तरी लगेच जाऊ देत नाहीत. लागणीनंतर काही आठवडे तपासणीत काही दिसतच नाही, तो काळ तीन महिन्यांपर्यंत धरतात. म्हणून धोका नुकताच घडला असेल तर तीन महिन्यांनी परत या, असं सांगतात. निकाल बाधित येणार असेल तर एका चाचणीवर विसंबत नाहीत. वेगवेगळ्या पद्धतींच्या तीन चाचण्या जुळल्या तरच तसं सांगतात.

"आणि सांगितल्यावर?" मी विचारलं.

"सांगितल्यावर त्याला पुढचं काही ऐकू जात नाही. मी गप्प बसते. पाणी देते. पुरुष असला तर पहिला प्रश्न बहुतेक असा असतो, कुणाला कळेल का? बाई असली तर विचारते, पोरांना झालंय का?"

या दोन प्रश्नांवर मी एक कविता लिहायला घेतली होती. झाली नाही.

भाभीच्या वेळी गोळ्या दिवसातून दोनदा होत्या, बरोबर बारा तासांच्या अंतरानं. भाभीकडे घड्याळ नव्हतं. अजानवर वेळ धरावी तर ती ऋतूप्रमाणे सरकते. ताईंनी विचारलं, "रात्री टीव्हीवर कुठली मालिका बघता?" भाभी शेजारच्या घरी जाऊन आठची मालिका बघायची. "मग ती सुरू व्हायच्या आधी एक, आणि सकाळी पोरीला शाळेला सोडताना एक." झालं. वर्षभरात भाभी पुन्हा शिलाई मशीनवर बसली. मालिका संपली, दुसरी आली, तिसरी आली, गोळीची वेळ तीच. यातलं शास्त्र असं की गोळ्या चुकवत गेलं की विषाणू उरलेल्या औषधाला सरावतो आणि मग ती गोळी त्याच्यावर चालत नाही. पण डॉक्टरी भाषेतलं हे वाक्य आणि आठची मालिका यांत भाभीला जगवलं मालिकेनं, असं मी तरी म्हणेन.

आता तीन औषधं मिळून एकच गोळी आहे, दिवसातून एकदा. त्यामुळे रमजानचाही प्रश्न बराच सुटला. रोजे धरणारे पुष्कळजण गोळीची वेळ इफ्तारनंतर किंवा सहरीला बांधून घेतात. आजाऱ्याला रोज्यातून सूट आहेच, पण ज्याला धरायचाच आहे त्यानं गोळी बंद करू नये. केंद्रावर बोलून वेळ ठरवून घ्यावी. २०१७ पासून आपल्याकडे धोरणही बदललं. पूर्वी पांढऱ्या पेशी ठराविक आकड्याखाली उतरेपर्यंत औषधासाठी थांबावं लागायचं. आता बाधित म्हणून निदान झालं की लवकरात लवकर औषध सुरू करतात, मोफत आणि कायमचं.

याहून मोठी बातमी अजून गावोगाव पोचलेली नाही. नियमित गोळ्या घेणाऱ्याच्या रक्तात काही महिन्यांनी विषाणू इतका कमी होतो की मोजणीत सापडत नाही. तो सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून त्याची लागण जोडीदाराला होत नाही. नवरा-बायकोत एक बाधित आणि एक नाही अशा जोडप्यांवर अनेक देशांत अभ्यास झाले. २०११ साली ज्या मोठ्या अभ्यासानं याचा भक्कम पुरावा दिला, त्यात आपलं पुणं आणि चेन्नई ही दोन्ही केंद्रं होती. म्हणजे बाधित माणूस लग्न करू शकतो. त्याला मुलं होऊ शकतात. आई बाधित असली आणि काहीच उपाय केले नाहीत, तर बाळाला लागण होण्याचा धोका पंधरा ते पंचेचाळीस टक्के असतो. आईला गरोदरपणातच औषध सुरू झालं, जन्मल्यावर बाळाला सहा आठवडे औषधाचं सिरप दिलं, पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध दिलं, वरचं आणि अंगावरचं असं मिसळलं नाही, तर तोच धोका पाच टक्क्यांच्या आत आणता येतो. बाळाची पहिली तपासणी सहा आठवड्यांनी आणि शेवटची दीड वर्षानं होते. आईच्या रक्तातली प्रतिद्रव्यं बाळात रेंगाळतात, म्हणून साध्या तपासणीवरून घाईनं काही ठरवायचं नसतं. सुनेच्या दवाखान्याच्या कागदांवर डोळा ठेवणाऱ्या सासवांनी हे वाक्य दोनदा ऐकावं.

गरोदर बाईची तपासणी होते, म्हणून पुष्कळदा घरात पहिलं निदान तिचंच होतं. आणि पहिलं निदान जिचं, तिनंच आजार आणला, असा न्याय लागतो. नवरा तपासणीला येतच नाही. त्या ताई म्हणाल्या, "नवऱ्याला आणायला मला जेवढी चिठ्ठ्या-निरोपांची खटपट करावी लागते, तेवढ्यात दहा बायकांची तपासणी होईल." नवऱ्यामुळे बाधित झालेल्या आणि तो गेल्यावर सासरच्यांनी घराबाहेर काढलेल्या बायकांची संख्या या महाराष्ट्रात कमी नाही. घराच्या वाटणीत त्यांचा हक्क असतो, आणि 'तसला आजार' हा शब्द तेव्हा फार सोयीचा पडतो.

ज्यांच्यावर समाजानं सगळं खापर फोडलं, त्या देहविक्रय करणाऱ्या बायकांनी मात्र आपलं घर आधी सावरलं. सांगलीत मीना सेषू यांची 'संग्राम' संस्था १९९२ पासून काम करते. तिच्या कामातून १९९६ मध्ये या बायकांची स्वतःची संघटना झाली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. निरोध वाटणं, गिऱ्हाइकाला नाही म्हणणं, आजारी मैत्रिणीला दवाखान्यात नेणं, हे त्यांचं त्याच करू लागल्या. चांगल्या घरातल्या किती नवऱ्यांना त्यांनी वाचवलं, ते त्या नवऱ्यांना ठाऊक नाही.

निरोध हा योगशास्त्रातला भारदस्त शब्द सरकारनं १९६८ साली पाकिटावर छापला आणि बिचारा कायमचा कागदात गुंडाळला गेला. अजूनही औषध दुकानदार तो वर्तमानपत्रात बांधून देतो, जणू बंदूक देतोय. वापरायच्या दोन गोष्टी सांगतो. पाकिटावरची मुदत बघावी. आणि खोबरेल किंवा व्हॅसलीन लावू नये, त्यानं रबर फाटतं. दर वेळी नवा वापरावा, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. धोका घडून गेला, म्हणजे नर्सबाईंना वापरलेली सुई टोचली किंवा कुणावर बलात्कार झाला, तर ७२ तासांच्या आत औषध सुरू करून २८ दिवस घेतल्यानं लागण बहुतेक वेळा टाळता येते. ७२ तास ही शेवटची हद्द. जितकं लवकर तितकं बरं. अशा वेळी 'उद्या बघू' करू नये, रात्री दोन वाजता सुद्धा सरकारी दवाखाना गाठावा.

१९९७ साली मुंबई उच्च न्यायालयानं एक निकाल दिला होता. एका कामगाराला केवळ एच.आय.व्ही. आहे म्हणून कामावरून दूर ठेवलं होतं. तो काम करायला समर्थ असेल आणि त्याच्यापासून इतरांना धोका नसेल, तर असं करता येणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं. त्या कामगाराचं नाव निकालपत्रात नाही. तिथं 'एमएक्स' एवढीच दोन अक्षरं आहेत. हक्क मिळाला, पण नाव झाकून. वीस वर्षांनी, २०१७ साली, संसदेनं यावर पूर्ण कायदा केला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर यांत बाधितांशी भेदभाव करणं आता बेकायदा आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल परस्पर इतरांना सांगता येत नाही. अशा लोकांविरुद्ध द्वेष पसरवला तर तुरुंगवासाची शिक्षा आहे. त्याच कायद्यानं बाधितावरही जबाबदारी टाकली आहे, दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून काळजी घेण्याची. हे मला योग्य वाटतं.

आज देशात सुमारे पंचवीस लाख माणसं एच.आय.व्ही. घेऊन जगताहेत आणि राज्यांत सर्वांत जास्त संख्या महाराष्ट्रात आहे, चार लाखांच्या आसपास. २०१० शी ताडून पाहिलं तर नवी लागण चाळीस टक्क्यांहून अधिक घटली आहे आणि मृत्यू त्याहूनही कितीतरी जास्त घटले आहेत. हे ज्यांनी घडवलं, त्या खोल्यांतल्या ताई आणि दादा वर्षानुवर्षं करारावर काम करतात. माणसाच्या आयुष्यातली सर्वांत अवघड बातमी ज्यानं सांगायची, त्याची स्वतःची नोकरी पक्की नाही. यावर मी आणखी बोललो तर संपादक कात्री लावतील.

तपासणी मोफत आहे, सरकारी दवाखान्यात होते, निकाल बहुधा त्याच दिवशी मिळतो. तिकडे जायचं धाडस होत नसेल तर १०९७ हा क्रमांक आहे. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, आणि नाव सांगायचं नसेल तर सांगू नका.

भाभीला आता नातू आहे. दर काही महिन्यांनी ती जिल्ह्याच्या गावी जाऊन गोळ्या घेऊन येते. गल्लीत तिनं पहिल्यापासून सांगून ठेवलंय की तिला शुगर आहे, तिथल्या डॉक्टरचा गुण येतो. मी एकदा म्हटलं, "भाभी, आता इतकी वर्षं झाली. कायदा आहे, औषध आहे. जवळच्या एक-दोघींना तरी सांगा." ती सुई ओवत होती. म्हणाली, "भाईजान, मी सांगीन हो. पण त्या दिवशी पाणी ओतायला तिघंच उठले होते, ते मी आतून मोजलंय." मग हसली आणि म्हणाली, शुगरचा एक तोटा मात्र झालाय. गेली वीस वर्षं ईदला शेजारच्या तीन-चार घरांतून तिच्यासाठी न विसरता वेगळा, बिनसाखरेचा शीरखुर्मा येतो, आणि तो तिला सगळ्यांसमोर बसून संपवावा लागतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)